तळ नसलेलं तळं

यंदाच्या श्रावणात आमच्या तळ्यात पाणी नाही. आभाळातून येतंय, पण दोन पंप लावून ते रोज बाहेर काढतात. तळाला अंथरलेली प्लास्टिकची शीट कुठेतरी फाटली आहे आणि ती सांधेपर्यंत पाणी साठू द्यायचं नाही असं कमिटीनं ठरवलंय. त्यामुळे सर येते, वीतभर पाणी साचतं, पंप सुरू होतो, पाणी गटारात जातं, पुन्हा सर येते. मी चौथ्या मजल्यावरच्या गॅलरीत चहा घेऊन हे बघत बसतो. इतक्या निष्ठेनं चाललेलं इतकं निरुपयोगी काम मी माझी नोकरी वगळता दुसरीकडे पाहिलेलं नाही.

पाणी गेल्यावर तळं म्हणजे काय असतं ते कळतं. काळी शीट, तिला हत्तीच्या कातडीसारख्या सुरकुत्या. तीन चपला, त्यांतल्या कुठल्याही दोघींचा एकमेकींशी संबंध नाही. डझनभर चेंडू. पायडल मारून चालवायचे दोन फायबरचे हंस कुशीवर लवंडलेत, माना मात्र ताठ. लग्नाच्या हॉलमध्ये जेवणानंतर आडवे झालेले पण फेटा न काढलेले व्याही असतात ना, तसे.

मी एका प्रोसेस हाउसमध्ये रंगखात्यात सुपरवायझर आहे. कापडाचा रंग नमुन्याशी जुळला की नाही हे सांगणं, एवढंच मला येतं. बुकिंगच्या वेळी दिलेल्या पुस्तिकेत तळं फिरोजी होतं. ताबा घेतला तेव्हा ते बॉटल ग्रीन निघालं, उन्हाळ्यात मेंदीवर गेलं, आणि हिवाळ्यात चलथाणच्या बाजूनं साखर कारखान्याच्या धुराची काजळी यायला लागली की वरून बारीक काळी बुट्टी. आमच्या खात्यात हा माल परत गेला असता. पण घराचं तसं नसतं. घर परत घेत नाहीत.

आधी इथं ऊस होता म्हणे. त्या शेतात खड्डा खणला, शीट घातली, टँकरनं पाणी ओतलं, भोवती चालायला गोल रस्ता केला आणि त्याच्याकडे तोंड करून इमारती उभ्या केल्या. स्कीमच्या इंग्रजी नावात ‘लेक’ आहे. ते नाव मी सुरतेतल्या डिंडोलीच्या जुन्या घरी पहिल्यांदा मोठ्यानं वाचलं तेव्हा मायनं विचारलं, कोनी लेक? म्हणजे कोणाची लेक. इंग्रजीत तळ्याला लेक म्हणतात हे मी तिला पाव तास समजावलं. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि नंतर गल्लीत सांगत सुटली की मोठा आता कुणातरी लेकीच्या घरी राहायला चाललाय. घरजावई व्हायचं माझं वय गेलं होतं, पण दोन-तीन म्हाताऱ्यांनी सुनंदाकडे, म्हणजे माझ्या बायकोकडे, फार सहानुभूतीनं पाहिलं.

माय सहा महिन्यांनी आली. एका हातात निळी चेनची बॅग, मांडीवर लाल कापडात गुंडाळलेलं कानबाईचं नारळ. बॅग तिनं पलंगाखाली सरकवली, रिकामी करून कपडे लावले नाहीत. लागेल ते लुगडं काढायची, धुऊन वाळलं की पुन्हा बॅगेत. कपाट तिच्यासाठी रिकामं ठेवलं होतं. त्यात शेवटी मी माझे जुने बूट ठेवले. या घराला ती ‘तुना फ्लॅट’ म्हणायची. तुना म्हणजे तुझा. फ्लॅटमध्ये पाणी आलं का, फ्लॅटची चावी घेतली का. घर हा शब्द डिंडोलीसाठी राखलेला होता. तिथं माझा धाकटा भाऊ दिलीप अजून त्याच दोन खोल्यांत राहतो.

खानदेशाबाहेरच्यांना कानबाई सांगावी लागते. नागपंचमीनंतरच्या रविवारी ती येते. नारळालाच डोळे, नथ, मंगळसूत्र, साडी. ते नारळ पिढ्यान्‌पिढ्या तेच. घरातल्या पुरुषांच्या नावानं मुठी मोजून गहू आणि डाळ दळायची, त्याचा रोट करायचा, आणि तो भाऊबंदांनीच खाऊन संपवायचा. परक्याला त्यातला घास द्यायचा नाही. सोमवारी सकाळी तिला पाटावर बसवून, पाट डोक्यावर घेऊन, पाण्यावर न्यायचं. ही बोळवण. नारळाला पाण्यात बुडवून परत आणायचं, ते सोडून द्यायचं नाही. डिंडोलीहून अख्खी गल्ली तापीवर जायची. अर्धी वाट पायी, अर्धी टेम्पोत. टेम्पोतही पाट कुणाच्या ना कुणाच्या डोक्यावरच, खाली म्हणून टेकवायचा नाही. माझ्या लहानपणी तो मान बहुतेक मायचा असायचा, आणि टेम्पो खड्ड्यात गेला की तिची मान न हलता बाकीची माय हलायची. असं मला आठवतं. आठवणीतल्या माणसांची मान जरा जास्तच ताठ असते, हे मला मान्य आहे.

आमचं मूळ गाव शिरपूरकडे, तापीच्या काठावर. वडील मागावर काम करायला सुरतेला आले तेव्हा माय म्हणे पहिल्या दिवशी रडली आणि दुसऱ्या दिवशी थांबली, कारण कुणीतरी तिला सांगितलं की इथली नदीही तापीच आहे. गावावरूनच खाली येते. मग परकं काय राहिलं?

मी थोरला. म्हणजे कानबाई माझ्याकडे बसायला हवी. पण मायचा या फ्लॅटवर भरवसा नव्हता. इथून तापी लांब, गल्ली नाही, पायी जायला तिचे गुडघे नाहीत. आषाढात तिनं मला समोर बसवून सांगितलं.

“जठून कानबाई बोळाई, तठे मनं घर. आठे जमनं तं जमनं. नही तं दिलीपले सांग, मंगळवारे रिक्षा लई ये.”

जिथून कानबाईची बोळवण, तिथं तिचं घर; इथं जमलं तर जमलं, नाहीतर मंगळवारी ती नारळ घेऊन डिंडोलीला, कायमची. धमकी वगैरे काही नव्हती त्यात. टेलरला माप सांगावं तसं सांगितलं.

मी खिडकीकडे हात केला आणि म्हणालो, पाणी तर दारात आहे. त्या वेळी मला हे फार सुचलं असं वाटलं.

माय तळ्याकडे बघत राहिली. म्हणाली, “देखसूत.” बघू.

तळ्याच्या काठी एक फलक आहे. कपडे धुणे, मासे पकडणे, मूर्ती पधरावणे, म्हणजे विसर्जन, यांना मनाई. गणपतीच्या, दशामा देवीच्या मूर्ती पधरावून ठेवल्या तर शीट जाईल, हे खरंच. पण आमची मूर्ती नाही, नारळ आहे, आणि ते परत आणायचं आहे. हे सगळं मांडून मी कमिटीला गुजरातीत अर्ज केला. माझं शिक्षण महापालिकेच्या मराठी शाळेत झालं. गुजराती लिपी मी दुकानांच्या पाट्यांवरून आणि कापडाच्या तागांवरच्या चिठ्ठ्यांवरून शिकलो. वाचता येते, लिहिलेली इतरांना वाचता येतेच असं नाही. अर्जात मी नारळाबद्दलचा परिच्छेद दोनदा लिहिला, दोनदा खोडला आणि शेवटी एवढंच ठेवलं की सोमवारी सकाळी आमच्या कानबाईची विदाय तळ्यावर करायची परवानगी मिळावी. बोळवणीला गुजरातीत मला तोच शब्द सुचला.

संध्याकाळी सेक्रेटरी जयेशभाईंचा फोन. त्यांचा आवाज भरून आला होता. “बहु सरस विचार छे, भाई. आपणे त्यां कामबाईने आवी विदाय कोण आपे छे?”

मला उलगडायला थोडा वेळ लागला. माझा न त्यांनी म वाचला होता. आमच्याकडे बरीच वर्षं राबलेली कामवाली आता काम सोडते आहे आणि आम्ही तिला वाजतगाजत तळ्याकाठी निरोप देणार, असं कमिटीला वाटत होतं. कमिटीनं एकमतानं मंजुरी दिली होती. एका बाईंनी बैठकीत डोळे पुसले म्हणे.

आता मी सांगायला हवं होतं. पण सांगितलं तर फलक, मूर्ती, मनाई, नवी बैठक, आणि मंगळवारी रिक्षा. मी म्हणालो, हो ना. माझ्या आयुष्यातले बहुतेक निर्णय एवढ्याच लांबीचे आहेत.

सुनंदा हसून हसून ओट्याला टेकली. मग थांबली आणि म्हणाली, मायला तुम्ही सांगा, मी नाही.

तिच्या थांबण्याला कारण होतं. वडिलांचा माग बंद पडला तेव्हापासून मायनं कतारगाममध्ये घरोघर भांडी घासली, आम्ही दोघे भाऊ कमावते होईपर्यंत. त्या भांड्यांवर मी शिकलो. आणि या स्कीममध्ये, पहिल्याच ओळखीच्या चहाला, आई काय करायच्या असं कुणी विचारलं तेव्हा मी म्हणालो, गावी शेती बघायची. शेती आमची कधीच नव्हती. तोंडातून गेलं. नंतर त्या शेतीत मी विहीरही खणली. माय मात्र या घरात कामवाली लावू देत नव्हती. कुणाचं खरकटं कुणी काढायचं याबद्दल तिचा काही हिशेब होता, तो तिनं कधी सांगितला नाही.

मी तिला न आणि म यांचा घोळ सांगितला, शक्य तितक्या हळू. ती गहू निवडत होती. हात थांबला नाही.

“काय चुकनं त्यामा? वरीसभर तीच तं आपलं काम करस.”

रविवारी दिलीप, त्याची बायको, पोरं आली. रोट झाला, खीर झाली, लाल भोपळ्याची भाजी झाली. नारळाला डोळे लागले की खोली बदलते, हे मी दरवर्षी विसरतो आणि दरवर्षी आठवतं. पंख्याखालीही त्या डोळ्यांना झोप नसते. चौथा मजला, लिफ्ट, सरकत्या काचा, आणि कोपऱ्यात ती, कुणाच्यातरी घरी पहिल्यांदा आल्यासारखी पदर सावरून.

सोमवारी सकाळी पाऊस थांबून थांबून होता. मायच्या डोक्यावर पाट, सुनंदाच्या हातात आरती, दिलीपची बायको गाणं म्हणतेय पण परक्या आवारात आहोत म्हणून जरा आवाज चोरून. पाटावर छत्री धरायचं काम माझ्याकडे. लिफ्टमध्ये माय पाटासकट गुडघ्यात वाकली, तिथं तिचे गुडघे कुरकुरले नाहीत.

तळ्याच्या फाटकावर वॉचमन मिश्राजी. कामवाल्या बायकांनी याच फाटकानं यायचं आणि वहीत नोंद करायची असा नियम आहे. मिश्राजींनी वही उघडली. नाव? मी गडबडीत म्हणालो, कानबाई. त्यांनी लिहिलं. फ्लॅट, चारशे तीन. कशासाठी? त्या रकान्यात सगळीकडे ‘काम’ लिहिलेलं होतं, त्यांनी खाली तसंच दोन टिंबं काढली. परत कधी? तासाभरात, मी म्हणालो. देवीची येण्याजाण्याची वेळ इतकी चोख याआधी कुणी लिहून ठेवली नसेल.

आत जयेशभाई पांढऱ्या कपड्यांत हजर होते. हातात शाल. त्यांनी आमच्या घोळक्याकडे पाहिलं, त्यात लुगडं नेसलेली म्हातारी एकच होती, ते सरळ तिच्याकडे आले आणि पाट सांभाळत उभ्या असलेल्या मायच्या खांद्यावर त्यांनी शाल घातली. नमस्कार केला. अदबीनं विचारलं, “केटला वरस काम कर्युं, मासी?” किती वर्षं काम केलंत, मावशी?

माझ्या हातातली छत्री माझ्याच डोळ्यांपुढे आली.

मायचं गुजराती माझ्यापेक्षा चांगलं आहे, कामावर शिकलेलं. ती म्हणाली, “बावीस वरस. कतारगाममां. चार घर.”

“अहीं नहीं?”

“अहीं तो दीकरानो फ्लॅट छे.” इथं तर मुलाचा फ्लॅट आहे.

जयेशभाईंनी माझ्याकडे पाहिलं. तळ्यात तेव्हा तीन बदकं होती. मी ती मोजली. मोजून झाल्यावर म्हणालो, ही माझी आई. शेतीचं काय झालं ते त्यांनी विचारलं नाही. शालीचं एक टोक घसरलं होतं ते नीट करत ते म्हणाले, त्यांची बा, म्हणजे आई, त्याच भागात लोकांचे पापड लाटायची. हे कमिटीत त्यांनी कधी सांगितलेलं नाही. मग त्यांची नजर पाटावर गेली. नथ, डोळे, साडी. त्यांना कळलं. ते फलकाकडे पाठ करून उभे राहिले आणि कारंज्याचं निरीक्षण करू लागले. कारंजं बंद होतं.

माय पायरी उतरली. नारळ पाण्यात एकदा, दोनदा, पाचदा बुडवलं. फुलं पिशवीत ठेवली. मग पाट शेजारी धरून तिनं हात पाण्यात घातला, कोपरापर्यंत. काहीतरी चाचपडत राहिली. पुढे सरकली, पुन्हा घातला. तिच्या नखांचा शीटवर आवाज आला, फुगा घासल्यासारखा.

बोळवणीहून पाट रिकामा आणत नाहीत. पाण्याच्या तळाची वाळू त्यावर घेऊन यायची आणि ती देवघरात ठेवायची, पुढच्या वर्षापर्यंत. चाळीस-पंचेचाळीस श्रावण मी हे बघत आलो असणार, पण तापीवर त्या वेळी आम्ही पुरुषमंडळी टेम्पोवाल्याशी बोलत असायचो.

माय सरळ झाली. हातातून पाणी गळत होतं, निव्वळ पाणी.

“हाई कसं तयं? याले तयच नही.”

आमच्या अहिराणीत ळ चा य होतो. हे कसलं तळं, याला तळच नाही. मी खुळ्यासारखं म्हणालो की शीटखाली असेल वाळू. सुनंदानं माझ्याकडे पाहिलं. दिलीपनं मोबाइल काढून उगाच पाहिला, आणि मला कळलं की तो उद्याच्या रिक्षाचा विचार करतोय. मायच्या चेहऱ्यावर राग नव्हता. दुकानात माप बसलं नाही की ती जशी वस्तू परत ठेवते, तसा चेहरा होता.

काय शोधताय, असं जयेशभाईंनी कारंज्याकडे बघतच विचारलं. मी म्हणालो, रेती.

फाटकातून मिश्राजी बोलले, “रेती तो पीछे पड़ी है, अम्मा. तापी की है. कल ही ट्रक आया.”

मागे तिसऱ्या इमारतीचं काम चालू होतं. पावसानं भिजलेला ढीग, त्यावर निळी ताडपत्री अर्धी सरकलेली. माय चिखलातून तिथं गेली. पाट तिनं सुनंदाच्या डोक्यावर दिला. हे मी पहिल्यांदाच पाहिलं. मूठभर रेती उचलून तिनं बोटांतून सोडली. वासही घेतला. त्यात नखाएवढा एक पांढरा शिंपला निघाला तो तिनं तळहातावर ठेवून खूप वेळ पाहिला. आमच्या गावच्या घाटावर असे शिंपले पायाला टोचायचे असं ती सांगते. मला ते टोचलेले नाहीत, मी सुरतेत जन्मलो.

मग तिनं जयेशभाईंना विचारलं, या आधीच्या इमारतींनाही हीच वापरली का. ते म्हणाले, “आखी स्कीम आनाथी ज बनी छे, मासी.” अख्खी स्कीम हिचीच बनली आहे.

मायनं पाच मुठी पाटावर घातल्या, वर पदर झाकला, पाट पुन्हा डोक्यावर घेतला. जयेशभाईंनी प्रसाद मागितला. रोट परक्याला द्यायचा नाही आणि माणसाला विन्मुख पाठवायचं नाही, या दोन्हींच्या मध्ये मायनं त्यांच्या हातावर साखर-फुटाणे ठेवले. मिश्राजींनी वहीत परतीची वेळ लिहिली आणि सहीसाठी पेन पुढे केलं. कानबाईच्या नावापुढे मायनं सही केली.

मंगळवारी दिलीप रिक्षा घेऊन आला. मायनं त्याला रोटाचा शेवटचा तुकडा खायला लावला, रोट सरायला हवा म्हणून. मग म्हणाली, गुडघे दुखतात, आज नको. बुधवारी पाहतो तर पलंगाखालची निळी बॅग बाहेर होती. कानबाईची साडी, नथ, तोरणं तिनं त्यात घडी करून ठेवली होती आणि तिची लुगडी माझ्या बुटांच्या वर, कपाटात. बुटांबद्दल मला ऐकून घ्यावं लागलं.

त्याला काही वर्षं झाली. दर श्रावणात ग्रुपवर जयेशभाईंची सूचना येते, यंदाची अशी: सोमवारी सकाळी नऊपर्यंत पंप बंद ठेवावा, चारशे तीनमध्ये ‘कामबाईनी विदाय’ आहे. नवीन आलेल्या एकानं विचारलं, यांची कामवाली दरवर्षी सोडून जाते का? कुणीतरी उत्तर दिलं, हो, पण परत येते.

पंप बंद राहिला तर शीटवर वीतभर पावसाचं पाणी असेल. नारळ बुडायला तेवढं पुरे. चिंता रेतीची होती. तिसरी इमारत पूर्ण झाली, तिथं माणसं राहायला आली, ढिगाच्या जागी आता तुळशीबागेसारखं काहीतरी आहे, कुंड्यांतली माती विकतची. मी म्हणालो, गाडी काढतो, तापीवर जाऊन पिशवीभर घेऊन येतो. माय म्हणाली, “देखसूत.”

काल देवघराच्या कोपऱ्यात तोरणासाठी खिळा हवा म्हणून इलेक्ट्रिशियनला बोलावलं. त्यानं ड्रिल लावलं, भिंत किंचाळली, करडा भुगा खाली यायला लागला. मायनं खाली स्टीलची थाळी धरली. लादी खराब होऊ नये म्हणून, असं मला वाटलं. त्यालाही तसंच वाटलं असावं. तो म्हणाला, राहू द्या अम्मा, झाडून घेतो. ती थाळी घेऊन मोरीवर गेली. पाणी घातलं, ढवळलं, सिमेंटचं दुधाळ पाणी ओतून दिलं, पुन्हा घातलं, पुन्हा ओतलं, तांदूळ धुवावेत तसं. चार-पाच पाण्यांनंतर थाळीच्या तळाशी चिमूटभर राहिलं. करडे, पिवळट कण.

“तापीनी शे,” ती मला म्हणाली आणि थाळी देवापुढे ठेवून आली.

भोक जरा मोठं पडलं होतं. पुट्टी भरून देऊ का, असं त्यानं विचारलं.

“ऱ्हाऊ दे,” माय म्हणाली. “पुढला वरीसले लागी.”